ओला पुठ्ठा

माझं गाव कोन, आणि पोटापाण्याची सोय झाली तीही कोनांतच. पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर सूत गुंडाळलेलं असतं, त्याला आमच्या धंद्यात कोन म्हणतात. ते खोक्यांतून भिवंडीत येतं आणि पुढे लूमवर जातं. मधल्या काळात ते ज्या गोदामात पडून असतं, तिथे मी तीस वर्षं स्टोअरकीपर आहे. आमच्या बोलीत ‘कोण’लाही ‘कोन’च म्हणतात. त्यामुळे फोनवर कुणी ‘कोन?’ म्हणून विचारलं की मी ‘हो, कोनचाच’ म्हणतो. हा विनोद मी तीस वर्षं करतो आहे. घरातलं कुणी हसलेलं मला आठवत नाही.

गोदामातलं माझं मुख्य काम नाकाचं आहे, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. ट्रक लागला की हमाल पहिली चार-पाच खोकी उतरवतात. मी वाकतो, खोक्याच्या सांध्याला नाक लावतो आणि श्वास आत ओढतो. ओल लागलेला पुठ्ठा लपत नाही. उन्हात वाळवून आणा, वर नवी टेप मारा, आतून तो शिळा, मेल्यासारखा वास येतोच. तो आला की मी खडूने खोक्यावर फुली मारतो आणि ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पाच खोकी हुंगली की नाक बोथट होतं, मग मी शर्टाची बाही वर करून स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक घालतो, दोन श्वास घेतो, आणि नाक पुन्हा कामाला लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आमचे शेठ कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांपासून सुताच्या धंद्यात. ते पार्टीसमोर सांगतात, “हमारे आदमी की नाक मशीन है.” मी मान खाली घालतो आणि दिवसभर फुगून बसतो.

अडचण अशी की हे मशीन संध्याकाळी गोदामात ठेवून येता येत नाही. ते माझ्याबरोबर घरी येतं. लग्नात पुलावाच्या पातेल्याजवळ उभं राहून मी ‘तूप खवट आहे’ म्हटलं आहे. पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो असताना व्याह्यांच्या नव्या सोफ्याचं लाकूड ओलं असल्याचं त्यांना कळवलं आहे. आणि आमची मुलगी चौथीत असताना तिने आयुष्यातली पहिली तांदळाची भाकरी केली, कडेला जराशी फाटलेली पण छान फुगलेली, ती ताटात पडताच मी वास घेऊन म्हणालो, “पीठ जुनं आहे.” पीठ जुनंच होतं. पण तिने परातीतलं उरलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि पुढे कितीतरी वर्षं भाकरी केली नाही. बायको हा प्रसंग मला वर्षातून दोनदा तरी ऐकवते. मी दरवेळी म्हणतो, पण पीठ जुनं होतं ना.

तर ही मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकली आणि पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत लागली. ब्रुअरी म्हणजे बिअर बनवायची जागा. मुलगी तिथे हिशेब ठेवत नाही की पाहुण्यांना टेबल दाखवत नाही. ती गमबूट घालून, भलीमोठी पातेली उकळून, स्वतः बिअर बनवते. मला हे कळलं तेव्हा पचायला दोन दिवस लागले. माझा पिण्याला विरोध आहे असं नाही. आमच्याकडे हळदीला मांडव घातला की आधी बाटल्यांची सोय बघतात आणि मग नवऱ्याची. पण पिणं वेगळं आणि पोरीने बनवणं वेगळं, असं मला वाटलं. का वाटलं ते आता सांगता येत नाही, पण वाटलं खरं.

मग कुणी विचारलं की मी सांगू लागलो, “फूड कंपनीत आहे.” फूड म्हणजे काय, असा पुढचा प्रश्न आला की, “बार्लीची कंपनी आहे.” हे खोटं नव्हतं. बिअर बार्लीचीच असते. पण आमच्याकडे बार्ली एकाच कामासाठी माहीत आहे. मुतखडा झाला की डॉक्टर बार्लीचं पाणी प्यायला सांगतात. त्यामुळे कोनपासून शेलार गावापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांचा असा समज झाला की माझी मुलगी मुतखड्याचं औषध बनवते. एका चुलत सासऱ्यांनी तर रिकामी बाटली धुऊन माझ्याकडे पाठवली होती. मी त्यांना दुकानातून बार्लीचा पुडा आणून दिला आणि पोरीने पाठवला म्हणून सांगितलं. त्यांना गुण आला. तिचं नाव झालं.

हे असं तीन वर्षं चाललं. मग एके दिवशी तिचा फोन आला. “पप्पा, रविवारी येते. बाटली आणतेय. तुम्ही प्यायची आणि मला सांगायचं.”

काय सांगायचं, असं मी विचारलं.

“ते प्यायल्यावर. पुढच्या शनिवारी आमच्याकडे पहिल्यांदा माझी बिअर बारच्या फळ्यावर, यादीत लागणार आहे. माझ्या नावाने. वर्षभर मुरत ठेवली होती. त्याआधी तुम्ही चाखायला हवी.”

बायको शेजारी कांदा चिरत होती. फोन ठेवला तशी तिने विळीवरून मान वर केली. “पोरीने वरीसभर जीव लावलाय त्याला. तुमी नाक मुरडलंत ना, तर मी मायेरी जाईन. नुसता चांगला बोलाचा. जमल का?”

तिचं माहेर मानकोलीला आहे, रिक्षाने अर्ध्या तासावर. तरी मी घाबरलो. जमेल म्हणालो.

आता चांगलं बोलायचं तर चांगलं काय बोलतात ते माहीत पाहिजे. बिअरबद्दल मला एकच चांगली गोष्ट बोलता येत होती, ती म्हणजे ‘थंड आहे’. म्हणून आठवडाभर मी गोदामात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघितले. तिने बाटलीचं नाव सांगितलं होतं, बार्लीवाइन. मला आधी वाटलं द्राक्षांत बार्ली घालत असतील. तसं नाही. ही बिअरच, पण नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून कडक, वाइनइतकी जोरदार, म्हणून गोऱ्यांनी तिला वाइन म्हटलं. व्हिडिओतला दाढीवाला माणूस ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा: कॅरमेल, टॉफी, शेरी, लेदर, टोबॅको. मी हे शब्द गेटपासच्या पॅडच्या मागे उतरवून घेतले. शेरी कशी लागते मला ठाऊक नव्हतं. लेदर म्हणजे चप्पल, ती प्यायच्या वस्तूत चांगली कशी, हेही कळलं नाही. पण परीक्षेला समजून जायचंच असतं असं थोडंच आहे. मी पाठ केलं.

ग्लास फिरवण्याचा सराव मी चहावर केला. कटिंगचा ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. उत्तर प्रदेशचा एक जुना हमाल समोर बसून रोटी खात होता. त्याने बराच वेळ बघून विचारलं, “साहब, चाय में कुछ गिर गया क्या?” मी म्हणालो, नाही, वास घेतोय. तो म्हणाला, “चाय भी रिटर्न करोगे?”

रविवारी सकाळी मुलगी आली. तिने पिशवीतून दोन काळसर बाटल्या काढल्या, स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी सावलीला उभ्या केल्या आणि आंघोळीला गेली. मला वाटलं, दमून आली, विसरली असेल. बापाने एवढं तरी करावं म्हणून मी त्यातली एक उचलून फ्रीजरमध्ये टाकली, बोंबलांच्या पिशवीवर आडवी.

दोन तासांनी ती बाटली शोधत आली. फ्रीजर उघडून तिने बर्फाने पांढरी झालेली बाटली बाहेर काढली आणि पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली. “हिला एवढं गार नाही करत, पप्पा,” ती म्हणाली. “गार केलं की वासच येत नाही. माठातल्या पाण्याइतकी गार असली की पुरे. दुसरी राखून ठेवायची आहे. आता तासभर थांबू.”

त्या तासभरात माझा मेहुणा आला. हा बायकोचा थोरला भाऊ. मानकोलीला त्याच्या शेतात आता भात होत नाही, गोदामं होतात. त्यामुळे त्याला दुपारी वेळच वेळ असतो. दारातच तो म्हणाला, “काय भावजी, पोर बार्ली घेऊन आयली ऐकला. माझे मुतखड्याला पन द्या थोरी.”

मी मुलीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. “मुतखडा?” तिने विचारलं.

“तुजा बापूसच सांगतं सगल्यांना,” मेहुणा खुर्ची ओढत म्हणाला. “बार्लीची कंपनी.”

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने मान जराशी हलवली आणि आत ग्लास आणायला गेली. मला तिच्या मागे जाऊन काहीतरी बोलायचं होतं. पण मेहुण्याने चकण्याला काय आहे विचारलं आणि मी सुटकेच्या आनंदात शेंगदाणे आणायला उठलो.

ग्लास तिने पुण्याहून आणले होते, पोट असलेले आणि तोंडाशी निमुळते. तिने अगदी थोडी, चार-पाच घोट होतील एवढीच बिअर प्रत्येकी ओतली. मेहुण्याने ग्लास उजेडात धरून विचारलं, “मोजून का देतंय? खरोखरचा औषध हाय का?” मग बोट बुडवून त्याने तीन थेंब जमिनीवर शिंपडले, वाडवडिलांच्या नावाने. आमच्यात त्याशिवाय कुणी पहिला घोट घेत नाही. मीही शिंपडले. मुलीनेही शिंपडले, आणि ते बघून मला का कोण जाणे बरं वाटलं. बायको दाराच्या चौकटीत उभी राहून माझ्यावर लक्ष ठेवून होती.

मेहुण्याने एका दमात ग्लास रिकामा केला, डोळे मोठे केले, खोकला आणि विचारलं, “किती टक्के?”

“अकरा.”

“कडक हाय,” तो म्हणाला. त्याच्यापुरती परीक्षा संपली. नंतर त्याने सोडा आहे का विचारलं.

मी मात्र रीतसर सुरुवात केली. ग्लास फिरवला. रंग उकळून आटवलेल्या कोऱ्या चहाचा, कडेला तांबूस. ग्लास फिरला की आतून एक जाडसर थर उतरत होता, सावकाश. मग मी नाक आत घातलं आणि डोळे मिटले, आणि खरं सांगतो, पाठ केलेलं सगळं विसरलो. आधी काकवी आली. लहानपणी गुऱ्हाळावरून आणलेली, तांब्याच्या तळाशी राहिलेली. तिच्यामागून खजूर. रमजानमध्ये शेठ दरवर्षी मला खजुराचा डबा देतात, त्यातले अगदी तळाचे, एकमेकांना चिकटून काळे पडलेले असतात ना, ते. मग कुठेतरी वाळलेल्या संत्र्याचं साल. घोट घेतला तर जिभेवर गोड, जड, आणि गिळताना तो गोडवा बाजूला सरून मागून कडू येतं, पण भांडत नाही. आणि छातीत हळूहळू ऊब उतरते. माझ्या पोरीने हे बनवलं? मी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, उघडले तर पाणी दिसेल.

म्हणून मी दुसऱ्यांदा वास घेतला. तेव्हा ते आलं.

काकवीच्या खाली, खजुराच्या खाली, अगदी पातळ. मी तीस वर्षं ज्याच्यावर खडूने फुली मारतो तेच. ओला पुठ्ठा.

मला वाटलं, माझंच नाक खराब झालंय. आयुष्यभर पुठ्ठे हुंगून आता सगळीकडे पुठ्ठाच येणार. मी बाही वर करून कोपरात नाक घातलं, दोन श्वास घेतले आणि पुन्हा वास घेतला. होता. चौकटीत बायकोने घसा खाकरला.

“पप्पा?” मुलगी म्हणाली. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, हातातला ग्लास तसाच.

मी म्हणालो, “कॅरमेल.” मग म्हणालो, “टॉफी. शेरी. लेदर आणि टोबॅको.” एकही शब्द विसरलो नाही. वर स्वतःच्या पदरचं घातलं, “फारच छान. एकदम बॅलन्स.”

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. मेहुणा म्हणाला, “भावजी विंग्रजी पितंय.” आणि मुलीचा चेहरा असा पडला की तो मी फक्त एकदाच पाहिला होता, त्या भाकरीच्या दिवशी. मला काही समजेना. तेव्हा खोट काढली म्हणून पडला होता. आता तर मी कौतुकच केलं होतं.

“बरं,” ती म्हणाली आणि ग्लास गोळा करू लागली.

जेवणं झाली. मेहुणा बोंबलाचं कालवण ओरपून गेला. जाताना त्याने उरलेल्या बाटलीकडे प्रेमाने बघितलं. बायको आडवी झाली. मी मोरीपाशी गेलो तर मुलगी ग्लास विसळायला बसली होती, पण नळ सोडला नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं. “आवडली म्हणालो ना.”

“आवडली असं तिकडे सगळेच म्हणतात, पप्पा. मालक म्हणतात, आचारी म्हणतो, बाकीची मुलं म्हणतात. मला कौतुक हवं असतं तर मी तिथेच थांबले असते.” तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. “मला तिच्यात काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही. महिन्यातून एकदा बाटली उघडून वर्षभर वास घेतला, आता माझं नाकच मेलंय. शनिवारी लोक येणार, फळ्यावर माझं नाव असणार. मला एकच माणूस माहीत आहे जो कुणाचीही भीड न ठेवता खोट काढतो. त्याच्यासाठी साडेतीन तास बसमध्ये बसून आले, आणि तो मला लेदर आणि टोबॅको सांगतो.” मग थांबून ती म्हणाली, “लेदर असतं कसलं, माहीत आहे का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो.

मला लाज वाटली. तीस वर्षांत मी एकही ओलं खोकं पास केलं नव्हतं, ओळखीच्या पार्टीचंही नाही. पहिलं पास केलं ते स्वतःच्या मुलीचं.

मी तिच्या हातातला ग्लास घेतला. तळाशी अर्धा घोट राहिला होता, आता अंगाइतका कोमट झालेला. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. “ओला पुठ्ठा,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. “परत बोला.”

“ओल लागलेल्या खोक्याचा वास येतो. थोडा. वरचं काकवी-खजूर सगळं उत्तम आहे, ते मी मनापासून... ते मला आलं, खरंच आलं. पण खाली पुठ्ठा आहे.”

मला वाटलं, आता ती रडेल. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसायला लागली. हसता हसता मोरीच्या कट्ट्याला टेकली. “पप्पा, आमच्या पुस्तकात खोटींची यादी असते. त्यात हाच शब्द आहे. ओला पुठ्ठा. अगदी हाच. बाटली भरताना आत हवा राहिली की येतो. थोडी हवा लागली तर खजूर, शेरी वगैरे येतं, तेवढी हवी असते. जास्त लागली की पुठ्ठा.” तिने डोळे पुसले. “आमच्याकडे ट्रेनिंगला पोरांना तो वास ओळखता यावा म्हणून पुठ्ठा पाण्यात भिजवून हुंगायला देतात. आणि तुम्ही चांगल्या वासांची यादी पाठ करत बसलात.”

मला आयुष्यात इतका अभिमान आणि इतका गाढवपणा एकाच वेळी कधी वाटला नव्हता. सबंध भिवंडी ज्या वासात राहते, तो गोऱ्यांच्या पुस्तकात छापलेला होता, आणि मी चपलेचा वास तोंडपाठ करत होतो.

“सगळाच माल परत करायचा?” तिने विचारलं. माझीच भाषा.

“असं कधी करतात का?” मी म्हणालो. “एक खोकं ओलं निघालं म्हणून ट्रक परत पाठवत नाहीत. कुठल्या रांगेतलं आहे ते बघायचं. ही बाटली कधी भरलेली?”

तिने आठवलं. ही शेवटच्या क्रेटमधली. भरता भरता बाटलीतली हवा ढकलून काढणाऱ्या गॅसचं सिलिंडर संपत आलं होतं, ती नीट निघाली नसणार. माठाजवळची दुसरी पहिल्या क्रेटमधली होती. आम्ही ती उघडली. मी कोपरात नाक घालून ते ताजं करून आलो आणि ग्लासात घातलं. काकवी, खजूर, संत्र्याचं साल. मी तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा वास घेतला. खाली काही नव्हतं. “सुकी आहे,” मी म्हणालो. आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं. तिला ते माहीत होतं, कारण तिचे कान लाल झाले.

आवाजाने बायको उठून आली आणि मी पुन्हा खोट काढल्याचं कळल्यावर तिने माहेरची पिशवी भरायला घेतली. मुलीने तिला समजावलं.

शेठकडे शुक्रवार-शनिवारची सुट्टी मागितली. शेठनी कारण विचारलं. मी म्हणालो, “मुलगी के यहाँ माल चेक करना है.” ते म्हणाले, “अल्लाह रहम करे बच्ची पर.” पण सुट्टी दिली.

ब्रुअरीत मी पहिल्यांदाच गेलो. आत शिरताच भिजलेल्या, उकडलेल्या धान्याचा वास आला, आमच्या जुन्या घरी उकडा तांदूळ करायचे तसा. स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, गमबूट घातलेली मुलगी. तिने सगळे क्रेट भरल्याच्या क्रमाने मांडून ठेवले होते आणि प्रत्येकातली एक बाटली उघडायची असं ठरवलं होतं. तोंडात घेऊन चूळ टाकायची, गिळायची नाही, असंही बजावलं. पहिल्या दोन मी शिस्तीत टाकल्या. तिसरीपासून माझ्याने टाकवेना. तिने मग मला नुसता वासच दिला.

खडू मी भिवंडीहून खिशात घालून नेला होता. तिने वास घ्यायचा, मी वास घ्यायचा, आणि आपलं मत दुसऱ्याला न सांगता एकदम बोलायचं. पहिले कितीतरी क्रेट दोघांनीही ‘सुकी’ म्हटलं. पुढे नाक बोथट झालं. मी बाही वर करून कोपरात तोंड खुपसलं, आणि तेवढ्यात माझी नजर तिच्याकडे गेली. तीही बाही वर करून कोपरात नाक घालून उभी होती, डोळे मिटून.

“हे कुणी शिकवलं तुला?” मी विचारलं.

“कुणी नाही,” ती कोपरातूनच म्हणाली. “लहानपणापासून करते.”

नेमका त्याच वेळी मालक आत आला. बाप आणि लेक समोरासमोर कोपरं हुंगत उभे, फरशीवर खडूच्या खुणा. तो जरा बिचकला. मी घाईघाईने शर्ट सारखा केला आणि स्वतःबद्दल काहीतरी भारदस्त शोधू लागलो. टेक्सटाइल लाइनमध्ये आहे, असं म्हणावं की लॉजिस्टिक्स, असा विचार चालला होता. पण तिने मला संधी दिली नाही.

“हे माझे पप्पा,” ती म्हणाली. “भिवंडीत सुताच्या गोदामात असतात. खोकी हुंगायचं काम करतात. माझं नाक त्यांच्याकडून आलंय.”

एवढंच. तिने ते सहज सांगितलं, कुणाला वेळ सांगावी तसं, आणि पुढच्या क्रेटकडे वळली. मालकाने माझ्याशी हात मिळवला. शेवटच्या चार क्रेटांवर आम्ही दोघांनी एकदमच फुली मारली. ते बाजूला गेले. बाकी पास.

शनिवारी मी तिथेच थांबलो. फळ्यावर तिचं नाव होतं, खडूनेच लिहिलेलं. लोक येत होते, छोट्या ग्लासांतून पीत होते, कुणी डोळे मिटत होते. एक दाढीवाला ‘लेदर’ म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला चहा रिटर्न केला. मुलगी काउंटरच्या मागे ओतत होती. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

“भावजी, कुठं हाय? एवरा आवाज कसला?”

“पुण्याला. पोरीच्या कंपनीत.”

“बार्लीचे?”

मुलगी हातभर अंतरावर होती. तिने मान वर केली नाही, पण ओतायची थांबली.

“बिअरच्या,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेजारचे दोघं वळले. “माझी मुलगी बिअर बनवते. तू त्या दिवशी प्यायलास ती तिने बनवली होती. औषध नाही, बार्लीचं पाणी नाही. बिअर. मी तीन वर्षं सगळ्यांशी खोटं बोललो.”

तिकडे काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मग मेहुणा म्हणाला, “मना म्हाईत हाय. पयलेपासून. सगले गावाला म्हाईत हाय.”

“मग बोलला का नाहीस? तो मुतखडा वगैरे...”

“मुतखडा कवाच गेला. तुमी कवा बोलतंव त्याची वाट बगत व्हतो.”

मी फोन ठेवला. मुलीने थांबलेला ग्लास पूर्ण भरला, तळहातात धरून जरा ऊब दिली आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. मी त्यात नाक घातलं आणि, गर्दीत कुणाला दिसू नये म्हणून, बराच वेळ बाहेर काढलं नाही.